सहावी-सातवीच्या मुलांना माइनक्राफ्टसारख्या खेळातून आंतरसांस्कृतिक कौशल्यं कशी शिकवावीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेतल्या शिक्षिकेला आपल्या सहावी-सातवीच्या १२ मुलांना जपानमधल्या ओकायामा शहरातल्या तितक्याच मुलांबरोबर माइनक्राफ्टमध्ये, म्हणजे ठोकळे रचून बांधकाम करायच्या कॉम्प्युटर खेळात, एकत्र बांधकाम करायला द्यायचं आहे. आठवड्याला एक तास मिळणार आहे, कॉम्प्युटर लॅब आहे, मुख्याध्यापकांची परवानगीही आहे. अशा खेळातून मुलं वेगळ्या संस्कृतीतल्या माणसांशी वागायला खरंच शिकतात का, आणि शिकवायचं तर नेमकं कसं, असं त्यांनी विचारलं आहे.

मुलं शिकतात, पण त्यांना नुसतं एका वर्ल्डमध्ये, म्हणजे खेळातल्या एका सामाईक जगात, सोडून दिलं तर बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर दोन्हीकडची मुलं वर्ल्डच्या दोन टोकांना आपापलं बांधत बसतात, शेवटी एकमेकांच्या बांधकामाचे फोटो काढतात आणि शाळेच्या वार्षिक अंकात एक पान भरतं. नाहीतर पाचव्या मिनिटाला कोणीतरी कोणाची तरी भिंत पाडतं आणि ‘ती मुलं अशीच’ हे मत पक्कं करून वर्ग उठतो. दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा वाईट, कारण ओळख नसताना मुलांचं काही मतच नव्हतं, आता आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या चार अटी इथे फार उपयोगी पडतात. दोन गट एकत्र आल्यावर पूर्वग्रह कमी व्हायचे असतील तर दोघांचा दर्जा त्या प्रसंगापुरता समान हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज लागली पाहिजे, आणि वरच्या माणसांचा, म्हणजे इथे दोन्ही शाळांचा, उघड पाठिंबा हवा. पुढे जे सांगतो आहे ते बहुतेक सगळं या चार अटी एका खेळाच्या वर्ल्डमध्ये कशा उभ्या करायच्या याबद्दल आहे. एक नियम मात्र आधीच ठरवून टाका: जितकी मिनिटं खेळ, तितकीच मिनिटं बोलणं. ६० मिनिटांच्या तासात ५ मिनिटं लॉग-इन, २५ मिनिटं खेळ, ५ मिनिटं नोंदी आणि २५ मिनिटं चर्चा. खेळ रंगला म्हणून चर्चेची मिनिटं खाल्लीत तर त्या दिवशी मुलांनी फक्त माइनक्राफ्ट खेळलं असं समजा.

पहिलं सत्र पुण्यातच घ्या

ओकायामाशी थेट सुरुवात करू नका. पुणे महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, इंग्रजी आणि कन्नड अशा माध्यमांच्या आहेत. जुलै ते सप्टेंबरमध्ये अशाच एखाद्या उर्दू किंवा कन्नड माध्यमाच्या वर्गाबरोबर चार तास करा. वेळेचा फरक नाही, भेटायचं म्हटलं तर बसने जाता येतं, आणि मोडकीतोडकी का होईना, हिंदी दोघांना येते. मुख्य म्हणजे, वेगळी संस्कृती विमानात बसूनच गाठावी लागते असा मुलांचा समज होत नाही. एकाच गावातल्या दोन वर्गांत सण, जेवण, घरातली बोली, मोठ्यांशी बोलायची रीत यांत किती फरक आहे हे कळलं की मुलं ओकायामाच्या मुलांकडेही ‘परदेशी’ म्हणून डोळे विस्फारून पाहत नाहीत.

जपानबरोबरच्या तासांसाठी दिवाळीच्या सुट्टीनंतरचा काळ उत्तम. जपानी शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टअखेरपर्यंत त्यांची उन्हाळ्याची सुट्टी असते आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हिवाळ्याची लागते. आपली सहामाही आणि दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. त्यामुळे नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पाच आणि जानेवारीत तीन असे आठ तास बसतात. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. पुण्यात सकाळचे साडेदहा म्हणजे तिथे दुपारचे दोन. पुढे कधी जर्मनीतल्या शाळेबरोबर केलंत तर तिथलं घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, हे लक्षात ठेवा. उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक पडतो आणि नेमका त्याच आठवड्यात एक वर्ग रिकाम्या वर्ल्डमध्ये उभा राहतो. वार ठरवताना गुरुवार टाळा. देखभालीसाठी वीज बंद ठेवायचा पुण्यातला तो नेहमीचा वार आहे.

खाती, मशिनं, जोडणी

माइनक्राफ्ट एज्युकेशनमध्ये, म्हणजे या खेळाच्या शाळांसाठीच्या आवृत्तीत, सगळ्यात जास्त वेळ खाणारी अडचण खात्यांची असते. प्रत्येक शाळेची मायक्रोसॉफ्ट ३६५ खाती त्या शाळेच्या टेनंटमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडच्या त्या शाळेच्या स्वतंत्र कप्प्यात, असतात, आणि मूळ सेटिंगमध्ये एका टेनंटमधल्या मुलाला दुसऱ्या टेनंटच्या वर्ल्डमध्ये शिरता येत नाही. ही गोष्ट पहिल्या तासाला कळली तर तो तास गेलाच. सरळ उपाय असा की यजमान शाळेने आपल्या टेनंटमध्ये पाहुण्यांसाठी १२ तात्पुरती खाती काढायची आणि त्यांना लायसन्स लावायचं. खेळात दिसणारं नाव या खात्यावरून येतं, म्हणून खातं उघडतानाच मुलाच्या खऱ्या नावाऐवजी ‘कदंब’, ‘साकुरा’, ‘भारद्वाज’ अशी टोपणनावं द्या. नंतर मुलांना ती स्वतः बदलता येत नाहीत.

दोन्हीकडे खेळाची आवृत्ती तंतोतंत एकच हवी. एका लॅबने रात्रीत अपडेट घेतलं आणि दुसरीने नाही, तर जोडणी होत नाही आणि दोष इंटरनेटला दिला जातो. तासाच्या दोन दिवस आधी दोन्ही शिक्षकांनी एकेका मशिनवरून शिरून पाहावं. वर्ल्ड ज्या मशिनवर उघडलं आहे ते बंद पडलं की सगळेच बाहेर फेकले जातात, म्हणून यजमान मशिन यूपीएसवर, वाय-फायऐवजी केबलला आणि शिक्षकांच्या टेबलावर. व्हिडिओ कॉल प्रत्येक मशिनवर लावू नका. एकाच मशिनवर लावून प्रोजेक्टरवर दाखवा.

लायसन्सचा खर्च झेपत नसेल तर लुआंटी हा तसाच ठोकळ्यांचा खेळ पाहा. पूर्वी याचं नाव माइनटेस्ट होतं, ऑक्टोबर २०२४ मध्ये बदललं. मोफत आणि मुक्त स्रोत, जुन्या मशिनवर चालतं, खाती तुमच्याच सर्व्हरवर राहतात. सर्व्हर मात्र कोणीतरी सांभाळावा लागतो, आणि नेटवर्कवाल्यांना यूडीपीचं ३०००० क्रमांकाचं पोर्ट उघडायला सांगावं लागतं. दोन्हीपैकी कशातही देवनागरी आणि जपानी मजकूर फलकावर नीट उमटतो का, हे आधी तपासा. जोडाक्षरं फुटत असतील तर फलकावर फक्त आकडा लिहायचा आणि मजकूर वहीत ठेवायचा.

मुलांना एकमेकांची गरज लागेल असं वर्ल्ड

क्रिएटिव्ह मोड वापरू नका. तिथे प्रत्येकाकडे सगळं सामान अमर्याद असतं, त्यामुळे कोणालाच कोणाशी बोलावं लागत नाही. सर्व्हायव्हल मोड घ्या आणि काठिण्य ‘पीसफुल’वर ठेवा, म्हणजे राक्षस येत नाहीत, भूक लागत नाही, पण सामान मात्र मोजकंच राहतं. खेळाडूंची आपसातली मारामारी, टीएनटीचा स्फोट आणि आगीचं पसरणं बंद करा. को-ऑर्डिनेट्स, म्हणजे जागा सांगणारे आकडे, दिसू द्या, नोंदींसाठी लागतात. चारी बाजूंनी बॉर्डर ब्लॉक (मुलांना ओलांडता न येणारे कुंपणाचे ठोकळे) लावून साधारण २०० बाय २०० ठोकळ्यांचा परिसर आखा. मधून ओढा, ओढ्याच्या दोन्ही अंगांना एकेक गाव, आणि मध्ये ३२ बाय ३२ ची मोकळी सामाईक जागा. गावापासून ही जागा ६० ठोकळ्यांवर असली की चालत पंधराएक सेकंद लागतात; जवळही आहे आणि मुद्दाम जावंही लागतं.

सामाईक जागेचे १६ बाय १६ चे चार तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यावर सहा जणांचा मिश्र गट, तीन पुण्याचे, तीन ओकायामाचे. काम असं द्या: दोन्ही गावांतली माणसं संध्याकाळी येऊन बसतील अशी जागा बांधायची. बसायची जागा हा विषय मुद्दाम घेतला आहे. आपल्या मुलांच्या डोक्यात लगेच झाडाभोवतीचा पार किंवा सोसायटीचा कट्टा येतो, तर समोरच्यांच्या डोक्यात काहीतरी निराळं. मग तिथे कोणी बसायचं, किती वेळ, खायला चालेल का, कचरापेटी हवी का, असे प्रश्न आपोआप निघतात. (जपानमध्ये रस्त्यावर सार्वजनिक कचरापेट्या फार कमी असतात, लोक कचरा घरी नेतात. हे तुम्ही आधी सांगू नका, मुलांना विचारून कळू द्या.)

आता पेट्या. प्रत्येक गटाला दोन पेट्या. पुण्याच्या पेटीत ६४ वाळू आणि ६४ फोडलेला दगड. ओकायामाच्या पेटीत १६ ओंडके आणि ८ कोळसे. एवढंच. भट्टीला ८ दगड लागतात, ते पुण्याकडे. एका कोळशावर ८ ठोकळे भाजले जातात, म्हणजे ६४ वाळूची काच करायची तर आठही कोळसे जातात. पण मशालीलाही कोळसा लागतो, एका कोळशात आणि एका काठीत चार मशाली. म्हणून काच की उजेड, हे ठरवावं लागतं, आणि कोळसा एकाचा, वाळू दुसऱ्याची असल्यामुळे एकट्याने ठरवून चालत नाही. भट्टीत एक ठोकळा भाजायला १० सेकंद लागतात. एकाच भट्टीवर ६४ वाळू टाकली तर पावणेअकरा मिनिटं जातात. घाई असेल तर आणखी भट्ट्या, म्हणजे आणखी दगड. एखादा सरावलेला मुलगा ओंडका भट्टीत टाकून लोणारी कोळसा करता येतो हे ओळखेल. त्याला थांबवू नका. ओंडके दुसऱ्यांचे असल्यामुळे ही युक्ती त्याला समजावून सांगावी लागते, आणि समजावून सांगणं हेच तर आपल्याला हवं आहे.

रात्र चालू ठेवा. खेळातला दिवस आणि रात्र मिळून २० मिनिटांची, त्यामुळे २५ मिनिटांत एकदा अंधार पडतोच. मूळ सेटिंगमध्ये सगळे खेळाडू पलंगावर झोपले तरच रात्र सरते. २४ पलंग आधीच मांडून ठेवा आणि मुलांना फक्त एवढंच सांगा. एकजण ‘एवढी फरशी लावून येतो’ म्हणत राहतो, बाकीचे ताटकळतात, आणि कोणी कोणासाठी थांबायचं हा प्रश्न मुलं स्वतःच सोडवतात. शिक्षकांचं पात्रही या मोजणीत येतं. ते उभं राहिलं तर रात्र सरत नाही आणि मुलं एकमेकांवर चिडतात. तुमच्यासाठी पंचविसावा पलंग ठेवा.

दिवाळीचा किल्ला करणारी मुलं ही. त्यांना इथेही किल्लाच बांधायचा असणार. युनेस्कोने २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलेल्या १२ किल्ल्यांपैकी राजगड, शिवनेरी, लोहगड मुलांनी पाहिलेले असतात, उत्साह दांडगा असतो. तरी सामाईक कामासाठी किल्ला घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. किल्ल्याची रचनाच बाहेरच्याला बाहेर ठेवण्यासाठी असते. चार तास तट बांधल्यावर ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ हेच पक्कं होतं. किल्ला आपल्या गावात बांधू द्या. दोन बुरुजांच्या आड लपलेला गोमुखी दरवाजा पाहुण्यांना समजावून सांगणं हा वेगळा आणि फार चांगला व्यायाम आहे.

आठ तास कसे वाटायचे

जोडणीच्या आधी आपल्याच वर्गात दोन तयारीचे तास. एकात माउस-कीबोर्डचा सराव. दुसऱ्यात पत्ते: शिकवण्यासाठीचे खेळ रचणारे सिवासैलम थियागराजन यांनी १९८० मध्ये बनवलेला ‘बार्न्गा’ हा खेळ. प्रत्येक टेबलावर चारही रंगांचे एक्क्यापासून सत्तीपर्यंत २८ पत्ते आणि नियमांचा एक कागद. एका टेबलावर एक्का सर्वांत मोठा, दुसरीकडे सर्वांत लहान. एकीकडे इस्पिक हुकूम, दुसरीकडे हुकूमच नाही. हे मुलांना माहीत नसतं. नियम वाचून झाले की कागद काढून घ्यायचे आणि बोलणं बंद. दर पाच मिनिटांनी जास्त हात करणारा पुढच्या टेबलावर, सर्वांत कमी हात करणारा मागच्या. तिसऱ्या फेरीपर्यंत ‘हा चिडतोय’ असे चेहरे दिसू लागतात. नंतर विचारायचं: समोरचा चिडतोय असं कधी वाटलं? तो नियम मोडतोय, की त्याचा नियमच वेगळा आहे? पुढचे आठ तास हा प्रश्न पुन्हा पुन्हा कामी येतो, म्हणून हा तास वगळू नका.

मग पहिला तास ओकायामाने पुण्याच्या गावात यायचं, दुसरा तास आपण त्यांच्याकडे जायचं. पाहुण्यांची परवानगी ‘व्हिजिटर’वर ठेवा, म्हणजे त्यांना फिरता येतं, पण काही लावता किंवा तोडता येत नाही. लुआंटीत ‘इंटरॅक्ट’ हा अधिकार काढला की तेच साधतं. यजमानांनी आधी फक्त घरात शिरायची जागा बांधून ठेवायची, अख्खं घर नको. आपल्या मुलांनी वाड्याचा दरवाजा, त्यातली दिंडी, देवडी आणि पुढचा चौक करावा. जपानी घरात गेन्कान असतं, म्हणजे दारातून आत आल्यावर एक पायरी खालची जागा, जिथे बूट काढून वर चढायचं. ठोकळ्यांत ही पायरी अर्ध्या फरशीने दाखवता येते. पाहुण्या मुलांनी पाच प्रश्न लिहून आणायचे. पादत्राणं दोघंही काढतात, पण नक्की कुठे, हे विचारायला लावा. उंबऱ्यावर पाय देऊ नये असं आपली आजी सांगते आणि जुन्या वळणाच्या जपानी घरातही तेच सांगितलं जातं, हे मुलांना स्वतः सापडलं तर त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्यासारखा असतो.

तिसरा ते सहावा तास सामाईक जागा. सातव्यात एक काम मला विशेष आवडतं. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे, आणि कोराकुएन १७०० मध्ये पूर्ण झालेली बाग आहे. आपल्या मुलांना एका रविवारी उद्यानात न्या, एक कोपरा निवडून पावलांनी मोजायला लावा आणि तेवढाच कोपरा गावात बांधून घ्या. एक ठोकळा म्हणजे एक मीटर. ओकायामाची मुलं येऊन आपल्याच शहरातली बाग पुण्याने कशी पाहिली आहे ते बघतात. काय तसंच आहे, काय निराळं आहे हे ती सांगतात. आपली वस्तू दुसऱ्याच्या नजरेने पाहायचा हा सराव एरवी सहज मिळत नाही. आठव्या तासात सामाईक जागेचे नियम दोन्ही भाषांत फलकावर.

चॅट

पहिले चार तास आवाज बंद, फक्त चॅट. आवाजी संभाषणात ज्याचं इंग्रजी बरं तो बोलतो आणि बाकीचे गप्प बसतात. मुलांच्या हातात १२ वाक्यांचं कार्ड द्या, मराठी, जपानी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत: ‘मी हे हलवू का?’, ‘थांबा, गटाला विचारून सांगते’, ‘समजलं नाही, वेगळ्या शब्दांत सांगाल?’, ‘हे कशासाठी आहे?’ अशी. ‘असं का केलंत?’ हे वाक्य कार्डावर नको, ते जाब विचारल्यासारखं वाटतं.

‘ओके’वरून सर्वाधिक घोटाळे होतात. एकाला त्यातून ‘वाचलं’ म्हणायचं असतं, दुसरा ‘मान्य’ समजून भिंत पाडतो. त्याऐवजी आकडे ठरवा: १ म्हणजे वाचलं, २ म्हणजे मान्य, ३ म्हणजे अजून ठरवतोय. २ आल्याशिवाय दुसऱ्याच्या बांधकामाला हात लावायचा नाही.

उत्तर यायला वेळ लागला की आपली मुलं लगेच दुसरा, तिसरा निरोप टाकतात. त्यांना कारण सांगून ठेवा: जपानीत टाइप करताना आधी उच्चार टाइप करायचा, मग त्याची योग्य अक्षरं निवडायची आणि मगच निरोप जातो. त्यातून ती मुलं आपसात विचारूनही घेत असतील. एक निरोप टाकला की मनात तीस आकडे मोजायचे.

अजून एक. खेळात मुलं लक्ष वेधायला एकमेकांना फटका मारतात. मारामारी बंद असल्याने इजा होत नाही, पण हात उगारलेला दिसतो. एकासाठी ती हाक असते, दुसऱ्यासाठी हल्ला. पहिल्याच तासात याची खूण ठरवून घ्या. दोनदा खाली वाकणं ही बहुतेक मुलांना चटकन जमणारी खूण आहे.

चर्चा, म्हणजे खरा तास

चर्चा मराठीत घ्या. इंग्रजीत घेतली की ‘इट वॉज नाइस’च्या पुढे गाडी जात नाही. फळ्यावर तीन रकाने आखा: काय दिसलं, मला काय वाटलं, दुसरं काय असू शकेल. पहिल्या रकान्यात कॅमेऱ्यात टिपता येईल तेवढंच लिहायचं.

समजा मुलं म्हणाली, ‘त्यांनी आमची भिंत तोडली.’ हे पहिल्या रकान्यात बसत नाही. विचारा, तोडताना पाहिलं का? नाही. मग काय दिसलं? ‘पूर्वेकडच्या भिंतीतले नऊ ठोकळे नाहीत, तीन बाय तीनचं भोक आहे.’ हे लिहा. दुसऱ्या रकान्यात ‘आम्हाला त्रास द्यायचा होता’. हेही लिहा, खोडू नका, मुलाला तसं खरंच वाटलेलं असतं. तिसऱ्या रकान्यात निदान दोन शक्यता आल्याशिवाय पुढे जायचं नाही. खिडकी करायची असेल. ठोकळे कमी पडले असतील. ‘२’ असा आकडा चुकून गेला असेल. मग गटातल्या निरोप्याने, म्हणजे चॅटवर निरोप पाठवायचं काम ज्याच्याकडे आहे त्याने, ओकायामाला एकच प्रश्न पाठवायचा: ‘पूर्वेच्या भिंतीत नऊ ठोकळ्यांची जागा मोकळी दिसते. ती कशासाठी आहे?’ उत्तर पुढच्या तासाला आलं तरी चालेल. आठवडाभर न चिडता वाट पाहणं हेही शिकायचं कौशल्य आहे.

म्हणूनच तोडफोड झाली की लगेच जुनी प्रत लावून सगळं पूर्ववत करू नका. प्रत्येक तासाआधी वर्ल्डची प्रत जरूर काढून ठेवा, पण ती शेवटचा उपाय म्हणून. बटण दाबून भिंत परत आली तर बोलायचं कारणच उरत नाही.

कुठे बिघडतं

सणांचं प्रदर्शन हा सगळ्यात मोहाचा खड्डा. पणत्या, तोरणं, गणपती, तिकडून किमोनो. मुलं खूश, पालक खूश, पण एकाही मुलाला एकही अवघड प्रश्न विचारावा लागत नाही. सामाईक जागेत देवस्थानं आणि थोर व्यक्तींचे पुतळे नकोत, हे दोन्ही शाळांनी आधीच ठरवावं. अपमानाच्या भावनेतून झालेला वाद पंचवीस मिनिटांच्या चर्चेत मिटत नाही, तो घरी जातो.

समान दर्जा सगळ्यात आधी कौशल्याच्या फरकाने मोडतो. ज्या मुलाने घरी रोज माइनक्राफ्ट खेळलं आहे तो दहा मिनिटांत सगळं एकटाच बांधून टाकतो, आणि बहुतेक वेळा मुली नोंदी ठेवायला बसवल्या जातात. प्रत्येक बाजूच्या तिघांना तीन कामं द्या: बांधणारा, निरोप्या, नोंद ठेवणारा. दर आठ मिनिटांनी घंटा, कामं बदलायची. सर्वांत तरबेज मुलाला पहिल्या फेरीत निरोप्या करा. एका बाजूला माउस आणि दुसरीकडे टॅबलेट असेल तर टॅबलेटवाल्यांचा वेग निम्म्यावर येतो. अशा वेळी दोन्हीकडे बांधणारा एकेकच ठेवा.

उलट बाजूचं बिघडणंही असतं. आठव्या तासाला मुलं म्हणतात, ‘जपानी मुलं शांत असतात.’ हे कौतुक असलं तरी तोच साचा आहे. ‘कोणती जपानी मुलं? आपल्या गटातली तिन्ही सारखी आहेत का?’ एवढं विचारलं की मुलं टोपणनावं घेऊन बोलू लागतात: साकुरा झटपट ठरवते, दुसरा तिला विचारून करतो.

मोजायचं काय

बांधकामाला गुण देऊ नका. दिलेत की बोलणं मागे पडतं. ब्रिटिश भाषाशिक्षणतज्ज्ञ मायकेल बायराम यांनी १९९७ मध्ये आंतरसांस्कृतिक क्षमतेचे पाच भाग सांगितले: वृत्ती, ज्ञान, अर्थ लावून जोडून पाहण्याचं कौशल्य, प्रत्यक्ष संवादातून शोधण्याचं कौशल्य, आणि स्वतःच्या संस्कृतीकडेही चिकित्सेने पाहण्याचं भान. आठ तासांत ज्ञान फार वाढत नाही, ते पुस्तकातून जास्त मिळतं. खेळातून मुख्यतः तिसरा आणि चौथा भाग घडतो, म्हणून तेच पाहा. प्रत्येक मुलासाठी चार खुणा पुरतात: बदल करण्याआधी विचारलं का, तिसऱ्या रकान्यात स्वतःहून शक्यता मांडली का, आपली रीत दुसऱ्याला कळेल अशी सांगितली का, आणि गैरसमज झाल्यावर बोलणं पुन्हा सुरू केलं का. शिवाय पहिल्या आणि शेवटच्या तासाला एकाच चित्रावर दहा ओळी लिहून घ्या आणि त्यांत ‘ते लोक’, ‘नेहमी’, ‘सगळे’ हे शब्द किती वेळा आले ते मोजा. तसंच ‘कदाचित’ किती वेळा आलं तेही.

परवानगी आणि शेवटची आवराआवर

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक, आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. वर्षाच्या सुरुवातीला भरून घेतलेला सर्वसाधारण फॉर्म पुरेसा धरू नका. मराठीत एक पानाचं पत्र द्या: कोणत्या खात्यावर, कोणत्या शाळेबरोबर, चॅट कोण वाचणार, नोंदी किती दिवस ठेवणार. व्हिडिओ कॉलचं रेकॉर्डिंग करू नका, मुलांच्या चेहऱ्यांचे फोटो बाहेर टाकू नका. तासाबाहेर वर्ल्ड बंदच असलं पाहिजे. रात्री घरून शिरायची सोय ठेवलीत तर जे घडेल ते पाहायला तिथे कोणी नसेल.

आठवा तास झाला की वर्ल्डची एकेक प्रत दोन्ही शाळांना द्या, त्यातल्या फलकांवर आणि पुस्तकांत कोणाचं खरं नाव राहिलेलं नाही हे पाहून. मग बाराही तात्पुरती खाती बंद करा आणि चॅटच्या नोंदी पत्रात लिहिलेल्या मुदतीत पुसा. पहिल्या तासाआधीची, दोन रिकाम्या गावांची आणि मांडलेल्या पलंगांची प्रत मात्र वेगळी ठेवा. जूनमध्ये नवी तुकडी येईल तेव्हा पेट्या भरण्यापासून काम सुरू करता येतं आणि आखणीचे दोन दिवस वाचतात.